टेलच्या मजल्याला पाणी: लातूरमधील एका रुग्णालयातील बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या जागांचा प्रकरण अभ्यास

लातूर शहरातील तळमजला अधिक तीन मजल्यांच्या एका खासगी रुग्णालयाची मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा डिसेंबरात सुरू झाली आणि मार्चअखेरपर्यंत तिच्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. एप्रिलच्या मध्यावर पारा चाळिशीच्या पुढे गेला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरील शस्त्रक्रियागृहांचे तापमान दुपारनंतर २५ ते २६ अंशांवर अडकू लागले. शस्त्रक्रियागृहासाठी ‘एनएबीएच’च्या, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मार्गदर्शक सूचनांत २१ अंश, तीन अंश कमी-जास्त, अशी मर्यादा आहे आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत अपेक्षित आहे, येथे दोन्ही हाताबाहेर जात होते. त्याच वेळी तळमजल्यावरील बाह्यरुग्ण विभागात मात्र नोंदणीच्या खिडकीवरील कर्मचारी स्वेटर घालून बसत होते. मला बोलावणे आले ते या दोन टोकांमधील विसंगतीमुळे. कंत्राटदाराचा सल्ला तिसरा चिलर, म्हणजे इमारतीत फिरणारे पाणी थंड करणारे यंत्र, बसवण्याचा होता आणि व्यवस्थापनाला एवढ्या मोठ्या खर्चापूर्वी दुसरे मत हवे होते.

यंत्रणेची रचना आधी सांगतो. प्रत्येकी ७५ टन थंडाव्याचे दोन एअर-कूल्ड चिलर इमारतीच्या मागच्या आवारात जमिनीवर बसवले आहेत. एवढ्या क्षमतेला कूलिंग टॉवरवर चालणारे वॉटर-कूल्ड चिलर विजेच्या हिशेबाने स्वस्त पडले असते. पण टॉवरवर एका टनामागे तासाला सुमारे सात लिटर पाणी नुसते वाफ होऊन जाते, म्हणजे १५० टनांना दहा तासांत जवळजवळ एक टँकर. ज्या शहराने मांजरा धरण कोरडे पडलेले पाहिले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याची पहिली ५ लाख लिटरची खेप उतरवून घेतली, तेथे हा पर्याय कोणी मांडलाही नव्हता, आणि ते योग्यच होते.

चिलरमधून पाणी ७ अंशांना निघते आणि १२.५ अंशांना परत यावे असे गृहीत धरले आहे. एक टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट, ५.५ अंशांच्या फरकाने तेवढी उष्णता वाहून न्यायला तासाला ०.५५ घनमीटर पाणी लागते. त्या हिशेबाने तळमजल्याला ४० टनांसाठी २२ घनमीटर, पहिल्या मजल्यावरील वॉर्डांना १६.५, दुसऱ्या मजल्यावरील अतिदक्षता विभाग व खासगी खोल्यांना १९.२५ आणि तिसऱ्या मजल्याला ४५ टनांसाठी २४.७५, असे एकूण ८२.५ घनमीटर पाणी दर तासाला फिरायला हवे. चिलरपुरते पाणी फिरवणारे प्रायमरी पंप एकाच वेगाने चालतात. इमारतीत पाणी नेणाऱ्या सेकंडरी पंपांना वेग बदलणारा ड्राइव्ह आहे. आणि या दोन वर्तुळांना जोडणारा मोकळा पाइप, ज्याला डीकपलर म्हणतात, तो प्लांटरूममध्ये आहे. थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा फिरवून ती खोल्यांत सोडणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे एएचयूंवर, खोलीच्या तापमानानुसार उघडमीट होणारे टू-वे कंट्रोल व्हॉल्व्ह आहेत.

पहिल्या दिवशी प्लांटचे ऑपरेटर काका म्हणाले, “साहेब, तिसऱ्या मजल्याला पाणी चढना झालंय.” म्हणून त्यांनी ड्राइव्ह ऑटोवरून काढून हाताने ४२ हर्ट्झवरून ५० हर्ट्झवर नेऊन ठेवला होता. वरच्या मजल्याच्या नळाला पाणी कमी दाबाने येते हा प्रत्येक घराचा अनुभव असल्याने त्यांचे निदान स्वाभाविक होते, पण बंद वर्तुळाला ते लागू पडत नाही. चिल्ड वॉटरच्या सप्लाय पाइपमधील वर जाणारा पाण्याचा स्तंभ आणि रिटर्न पाइपमधील खाली येणारा स्तंभ तराजूच्या दोन पारड्यांसारखे एकमेकांना तोलून धरतात. पंपाला उंची चढायची नसते, पाइप, कॉइल आणि व्हॉल्व्ह यांतील घर्षण तेवढे भागवायचे असते. तिसरा मजला उपाशी होता तो उंच असल्याने नव्हे, तर वर्तुळाच्या शेवटी असल्याने.

मराठवाड्यातील वाचकाला हे समजावून सांगायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, आणि हेडजवळच्या शेतकऱ्यांनी दारे मोकळी सोडली की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या, शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते ते परभणीकडे कोणालाही विचारावे. कालव्याला आणखी पाणी सोडल्याने टेलला थोडे जास्त मिळते हे खरे. पण हेडला त्याहून जास्त मिळते.

मोजमाप करताना मी बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या, म्हणजे पाणी ठरावीक प्रमाणात आवळून वाटणी जुळवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, टेस्ट पॉइंटवर (दाब मोजायच्या जागांवर) विसंबलो नाही. त्याचे कारण पुढे येईल. राइझरच्या, म्हणजे मजल्यांना पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपच्या, आणि त्यातून फुटणाऱ्या मजल्यांच्या ब्रांचच्या सरळ भागावरील इन्शुलेशन काढून पाइपला बाहेरून लावायच्या अल्ट्रासॉनिक मीटरने प्रवाह घेतला. पंप ५० हर्ट्झवर असताना तळमजल्याला तासाला ३६ घनमीटर पाणी जात होते, म्हणजे गरजेच्या १६४ टक्के. पहिल्या मजल्याला २२ म्हणजे १३३ टक्के, दुसऱ्याला १९.५ म्हणजे जेवढे हवे जवळजवळ तेवढेच, आणि तिसऱ्याला १८, म्हणजे ७३ टक्के. तिसऱ्या मजल्यावरही वाटणी सारखी नव्हती: प्रत्येकी ८.२५ घनमीटर हवे असलेल्या तीन एएचयूंना अनुक्रमे ६.८, ६.१ आणि ५.१ मिळत होते. सर्वांत शेवटचे शस्त्रक्रियागृह ६२ टक्क्यांवर चालले होते.

येथे एक शंका जाणकार वाचक घेईल. कंट्रोल व्हॉल्व्ह चालू असतील तर तळमजल्याने जादा पाणी घेतलेच कसे, खोली थंड झाल्यावर व्हॉल्व्ह आपोआप मिटायला नको का? मिटायला हवा, पण बाह्यरुग्ण विभागाची दारे दिवसभर उघडझाप करत होती आणि थर्मोस्टॅट कोणीतरी १८ वर नेऊन ठेवला होता. जी खोली १८ अंशांवर कधीच पोचणार नाही, तिचा व्हॉल्व्ह कधीच मिटत नाही.

आता काकांनी वाढवलेल्या वेगाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण या प्रकरणातील सर्वांत फसवा भाग तोच आहे. वेगाच्या प्रमाणात प्रवाह वाढतो, म्हणजे ४२ हर्ट्झवर तिसऱ्या मजल्याला सुमारे १५ घनमीटर जात होते ते १८ झाले. पण इमारतीतला एकूण प्रवाह ८०वरून ९५.५वर गेला, आणि चिलरमधून तर ८२.५च येत होते. उरलेले १३ घनमीटर डीकपलरमधून उलट दिशेने, म्हणजे रिटर्नकडून सप्लायकडे, येऊन मिसळू लागले. रिटर्न ११.३ अंशांचा होता, ८२.५ घनमीटर सात अंशांचे आणि १३ घनमीटर ११.३ अंशांचे एकत्र केल्यास ७.६ अंश येतात, आणि राइझरवरच्या थर्मामीटरनेही ७.६च दाखवले. तिसऱ्या मजल्याला पाणी जास्त मिळाले, पण ते कोमट होऊन मिळाले. हवेतील ओलावा काढण्याचे काम तर पाण्याच्या थंडपणावरच अवलंबून असते. दोन्ही चिलर मिळून ११७ टन देत होते, म्हणजे क्षमतेच्या ७८ टक्के. शस्त्रक्रियागृह तापलेले असताना चिलर पूर्ण भरलेले नाहीत, एवढ्या एका नोंदीवरून तिसऱ्या चिलरचा प्रस्ताव बाजूला ठेवता येत होता. तो बसवला असता तर ज्या पाइपमधून पाणी शेवटपर्यंत पोचत नाही, त्याच पाइपला तो जोडला गेला असता.

डिसेंबर ते मार्च काहीच कसे जाणवले नाही, असे व्यवस्थापकांनी विचारले. कॉइलला ६० टक्के पाणी दिले म्हणून ती ६० टक्केच थंडावा देते असे नाही; पाणी हळू वाहते, जास्त तापून निघते, आणि थंडावा त्यामानाने कमी घटतो. थंडीत भार अर्धा असतो, त्यामुळे कमतरता झाकली जाते. वाटणीतील दोष उघडा पडायला लातूरचा उन्हाळा लागतो.

व्हॉल्व्हकडे वळतो. मूळ ड्रॉइंगमध्ये प्रत्येक एएचयूवर आणि शिवाय प्रत्येक मजल्याच्या रिटर्न ब्रांचवर बॅलन्सिंग व्हॉल्व्ह दाखवला होता. प्रत्यक्षात एएचयूंवरचे व्हॉल्व्ह बसले होते. ब्रांचवरचे चारही खर्चकपातीत गळाले आणि त्यांच्या जागी साधे बटरफ्लाय व्हॉल्व्ह आले. बटरफ्लाय व्हॉल्व्ह पाणी बंद करायला चांगला. पण त्याला दाब मोजायचे टेस्ट पॉइंट नाहीत, उघडीपीची खात्रीची मोजपट्टी नाही, आणि अर्धवट मिटवलेला व्हॉल्व्ह देखभालीसाठी बंद करून पुन्हा उघडला की जुनी खूण हरवते.

जे बसले होते त्यांची जागा हा दुसरा प्रश्न. तिसऱ्या मजल्यावरील तीनपैकी दोन व्हॉल्व्ह कंट्रोल व्हॉल्व्हला अक्षरशः चिकटून होते आणि तिसरा एल्बोच्या लगेच पुढे. बॅलन्सिंग व्हॉल्व्हला आपण फिरवायची चावी समजतो, पण तो आधी मोजमापाचे साधन आहे. त्याच्या दोन टेस्ट पॉइंटमधील दाबफरकावरून प्रवाह काढला जातो, आणि ते गणित पाणी शांतपणे, पाइपभर सारखे आत येते असे धरून बसवलेले असते. म्हणून व्हॉल्व्हच्या आधी पाइपच्या व्यासाच्या पाचपट आणि नंतर दुप्पट सरळ लांबी ठेवायची, आणि आधी पंप असेल तर दहापट. वळणातून किंवा अर्ध्या मिटलेल्या कंट्रोल व्हॉल्व्हमधून पाणी घुसळत आले की आकडा खोटा येतो. शेवटच्या एएचयूच्या व्हॉल्व्हवर मीटर लावला तेव्हा त्याने ६.२ दाखवले, अल्ट्रासॉनिकने तेथे ५.१च मोजले होते. यंत्रणा सुपूर्द करतानाच्या बॅलन्सिंग रिपोर्टमध्ये मात्र तिन्ही ठिकाणी ८.२ आणि ८.३ होते. मोजलेले आकडे ड्रॉइंगशी इतके जुळले की मला समाधान वाटण्याऐवजी काळजी वाटते.

उघडीप तपासली तर सगळे व्हॉल्व्ह एकाच खुणेवर, निम्मे उघडे. सर्वांना सारखाच लगाम घातला की शर्यतीचा क्रम बदलत नाही. फक्त पंपाचे ओझे वाढते. शेवटच्या सर्किटवर तर लगाम नकोच होता. ज्या सर्किटला पाणी पोचणे सर्वांत अवघड, त्याचा व्हॉल्व्ह मोजण्याइतका दाबफरक ठेवून, म्हणजे साधारण ३ किलोपास्कल, बाकी पूर्ण उघडा असायला हवा.

साइटवरच्या बैठकीत जास्त वेळ मात्र वेगळ्याच वादात गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन व्हॉल्व्ह सप्लायच्या पाइपवर होते, आणि व्हॉल्व्ह रिटर्नवरच हवा, तेवढे दोन हलवा म्हणजे काम झाले, असा सल्लागारांच्या प्रतिनिधीचा आग्रह होता. प्रवाहाच्या दृष्टीने याला अर्थ नाही: एका सर्किटमध्ये जेवढे पाणी कॉइलच्या आधी आहे तेवढेच नंतर आहे, अडथळा कोठेही ठेवला तरी परिणाम तोच. रिटर्नवर ठेवण्याची कारणे दुय्यम आहेत, पण खरी आहेत. व्हॉल्व्हमधील दाबाची घट कॉइलनंतर झाल्याने कॉइलमध्ये दाब जास्त राहतो आणि पाण्यात विरघळलेली हवा तेथे सुटत नाही. पाणी स्ट्रेनर आणि कॉइलमधून गाळून आलेले असल्याने टेस्ट पॉइंट कचऱ्याने कमी चोंदतात. आणि रिटर्न पाच अंशांनी उबदार असल्याने व्हॉल्व्हच्या उघड्या भागांवर दव कमी धरते. मी ते दोन्ही व्हॉल्व्ह होते तेथेच ठेवले. त्यांना सरळ पाइप पुरेसा होता; स्ट्रेनर त्यांच्या आधी होता. ज्यांना सरळ पाइप नव्हता ते तिसऱ्या मजल्यावरचे तिन्ही मात्र हलवले.

मुख्य काम ब्रांचचे होते. एएचयूंवर व्हॉल्व्ह असताना ब्रांचवर पुन्हा कशाला, हा हिशेबनिसांचा प्रश्न रास्त होता. उत्तर प्रमाणाच्या नियमात आहे: एका ब्रांचवरच्या एएचयूंची आपसातली वाटणी एकदा जुळवली की, ब्रांचला येणारे पाणी कमी-जास्त केले तरी सर्वांचा वाटा त्याच प्रमाणात कमी-जास्त होतो, आपसातले प्रमाण मोडत नाही. म्हणजे आधी मजल्यातले भांडण मजल्यात मिटवायचे आणि मग मजल्यामजल्यांतले राइझरवर. ब्रांचवर व्हॉल्व्ह नसेल तर तळमजल्याचे पाणी घटवायला तेथील प्रत्येक एएचयूचा व्हॉल्व्ह पुन्हा फिरवावा लागतो. त्याने आधी जुळवलेले बिघडते, आणि फिटर रात्रभर जिने चढतो-उतरतो. पाटबंधारे खाते कालवा, वितरिका आणि चारी अशा प्रत्येक पायरीवर दार ठेवते आणि पाळी ‘टेल टू हेड’ देते, त्यामागेही हाच अनुभव असावा.

तळमजल्याच्या व्हॉल्व्हची निवड कशी केली ते सांगतो, कारण चूक येथेच वारंवार होते. तिसऱ्या मजल्याचे व्हॉल्व्ह उघडल्यावर त्याला पूर्ण प्रवाहासाठी ५२ किलोपास्कल लागत होते, आणि राइझरमधील तळमजल्यापासून वरपर्यंतचे घर्षण ४५. म्हणजे तळमजल्याच्या टी-जोडाशी ९७ किलोपास्कल दाबफरक उपलब्ध राहणार होता. तळमजल्याच्या सर्किटला स्वतःसाठी २७ पुरत होते. उरलेले ७० व्हॉल्व्हने खायचे. ७० किलोपास्कल म्हणजे ०.७ बार, २२ घनमीटरला ०.७च्या वर्गमुळाने भागले की लागणारा केव्ही, म्हणजे एक बार दाबफरकाला व्हॉल्व्हमधून तासाला जाणारे घनमीटर पाणी, २६.३ येतो. पाइप ८० मिलिमीटरचा होता आणि साइटवर सवयीने ८०चाच व्हॉल्व्ह मागवला जात होता. त्या आकाराच्या व्हॉल्व्हचा पूर्ण उघडा केव्ही साधारण १२० असतो, त्यामुळे तो कायम जेमतेम उघडा ठेवावा लागला असता, आणि अशा स्थितीत अर्ध्या आट्याची चूकही प्रवाहात फार मोठी दिसते. पन्नासच्या व्हॉल्व्हचा केव्ही ३३च्या आसपास असतो, तो घेतला. दोन्ही बाजूंना पाइपचा व्यास बदलणारे रिड्यूसर लावले आणि त्यांच्या आत ५० मिलिमीटरच्याच पाइपचा २५० मिलिमीटर तुकडा आधी व १०० मिलिमीटर नंतर ठेवला. ८०च्या व्हॉल्व्हला ४०० आणि १६० लागले असते. व्हॉल्व्ह स्वस्त पडला आणि जागाही वाचली.

तरीही तो शाफ्टमध्ये, म्हणजे राइझर ज्या उभ्या पोकळीतून जातो तीत, मावला नाही. शाफ्टमध्ये टी-जोडापासून भिंतीपर्यंत जेमतेम ३०० मिलिमीटर होते, आणि तेथे शिरायला माणसाला आडवे व्हावे लागे. ज्या व्हॉल्व्हपर्यंत दोन हात आणि मीटरच्या नळ्या पोचत नाहीत तो पुन्हा कधी तपासला जात नाही. चारही व्हॉल्व्ह शाफ्टबाहेर, कॉरिडॉरच्या फॉल्स सीलिंगवर आणले आणि खाली उघडता येणारे झाकण ठेवले. तळमजल्यावर कॉरिडॉरच्या शोभेला ते झाकण खुपते, असा आक्षेप इंटीरियरवाल्यांनी अखेरपर्यंत कायम ठेवला.

काम रविवारच्या चार रात्रींत झाले. पहिल्या मजल्याचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह धरत नव्हता, त्यामुळे एक रात्र राइझर रिकामा करण्यात गेली. वर्तुळातील पाण्यात गंजरोधक रसायन होते, आणि नसते तरी लातुरात एवढे पाणी गटारात सोडण्याची हिंमत कोणी केली नसती. ते टाक्यांत साठवून गाळून परत भरले.

बॅलन्सिंग टेलकडून सुरू केले. तिसऱ्या मजल्यावरील शेवटचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याच्या प्रत्यक्ष आणि अपेक्षित प्रवाहाचे गुणोत्तर घेतले, मग आधीचा व्हॉल्व्ह त्याच गुणोत्तरावर येईपर्यंत मिटवला, मग त्याच्या आधीचा. चारही मजले आतून जुळल्यावर ब्रांचचे व्हॉल्व्ह एकमेकांशी त्याच रीतीने जुळवले. शेवटी पंपाचा वेग एकूण प्रवाह ८२.५ होईपर्यंत उतरवला. तो ४८ हर्ट्झवर थांबला. मजल्यांचे आकडे २२.५, १६.८, १९ आणि २४.२ आले. डीकपलरमधील उलटा प्रवाह थांबला, राइझरवर पाणी ७.१ अंशांना येऊ लागले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता शेवटचे शस्त्रक्रियागृह २१.५ अंशांवर होते.

दाबफरकाचा सेन्सरही हलवला. तो पंपाच्या हेडरवर, म्हणजे पंपाशेजारच्या मुख्य पाइपवर, होता, म्हणजे हेडच्या शेतकऱ्याला विचारून कालव्याचे पाणी ठरवण्यासारखे. तो तिसऱ्या मजल्याच्या ब्रांचवर नेला, ५५ किलोपास्कलवर लावला आणि ड्राइव्ह पुन्हा ऑटोवर गेला. थर्मोस्टॅट २४ वर आणून कुलूप लावले. काका पहिले दोन दिवस ड्राइव्हच्या पॅनेलसमोर खुर्ची टाकून बसले होते.

व्यवस्थापनाने अर्थातच बिल किती कमी झाले ते विचारले. मे महिन्यात कमी झाले नाही. पंपाची वीज सुमारे आठ टक्क्यांनी घटली, पण चिलर आता ११७ऐवजी १३९ टन देत होते, कारण ज्या कॉइल आधी उपाशी होत्या त्या आता काम करत होत्या. वाचला तो तिसऱ्या चिलरचा खर्च. बाह्यरुग्ण विभागातून आठवडाभर “पहिल्यासारखा गारवा राहिला नाही” अशा तक्रारी आल्या आणि थांबल्या.

दोन गोष्टी अपुऱ्या आहेत. हे व्हॉल्व्ह एका ठरावीक स्थितीतच खरे बोलतात: रात्री तळमजला बंद होऊन त्याचे कंट्रोल व्हॉल्व्ह मिटले की वरच्या मजल्यांवरचा दाबफरक चढतो, आणि जागचा न हलणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह तो धरू शकत नाही. सेन्सर टेलला असल्याने पंप उतरतो व बराचसा फरक भरून निघतो, सगळा नाही. पहिल्या दोन मजल्यांवर दाबफरक स्थिर ठेवणारे व्हॉल्व्ह किंवा एएचयूंवर दाबाचा परिणाम न होणारे कंट्रोल व्हॉल्व्ह बसवण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. दुसरा पर्याय निवडला तर आत्ताचे ब्रांचचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडून फक्त मोजण्यापुरते ठेवावेत, असे त्यात लिहिले आहे. दोघांनीही पाणी आवळायचे ठरवले तर पंप उगाच दमतो.

दुसरी गोष्ट ऑगस्टमध्ये कळली. मेमध्ये लातूरची हवा इतकी कोरडी असते की उघडे पितळही घामेजत नाही. पाऊस लागल्यावर दुसऱ्या मजल्यावरील सप्लायवरच्या त्या दोन व्हॉल्व्हच्या टेस्ट पॉइंटवरून सीलिंगवर थेंब पडू लागले. रिटर्नवरचे कोरडे होते. त्या दोघांना लांब दांड्याचे टेस्ट पॉइंट आणि काढता-घालता येणारी इन्शुलेशनची पेटी बसवली, आणि पेटीच्या आत उघडीपीचे आटे कोरलेली पत्र्याची पट्टी तारेने बांधून ठेवली.